वाचनालयात नोकरी शोधणाऱ्यांसाठी नेमकं काय करता येईल?

मुक्काम_पोस्ट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. शासनमान्य, ‘ब’ वर्ग. यंदा मला कार्यकारिणीत घेतलंय, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. वरच्या मजल्यावर अभ्यासिका. सकाळी सातला चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आलेला असतो. एमपीएससी, पोलीस भरती, वनरक्षक, सरळसेवा, सगळी मुलं त्याच्या मागे. त्यांच्याबद्दल तक्रार अजिबात नाही. वाचनालयाचं वीजबिल त्यांच्या फीमधूनच भरलं जातं.

माझा प्रश्न खालच्या मजल्याचा आहे. जवळच्या एमआयडीसीतला एक कारखाना बंद पडल्यापासून पेपरच्या टेबलावर चाळिशीतली काही माणसं रोज दिसतात. अग्रलेखाकडे बघतही नाहीत. थेट छोट्या जाहिरातींचं पान उघडतात, मोबाइलने फोटो काढतात आणि जातात. परवा एकाने फूलस्केपवर सुवाच्य अक्षरात लिहिलेला अर्ज आणला होता, अनुभवाच्या दाखल्याची झेरॉक्स टाचणीने जोडलेली. कंपनीने फोनवर सांगितलं होतं, “मेल करा.” त्यांना मेल आयडी नाही. मुलाचा आहे, पण मुलगा पुण्याला. आमच्या ग्रंथपाल बाई त्या कागदाकडे आणि बंद पडलेल्या स्कॅनरकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

मीटिंगमध्ये मी हा विषय काढला, तर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “हे वाचनालय आहे, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज नव्हे.” विषय तिथेच संपला.

कुणी आपल्या गावच्या वाचनालयात असं काही केलंय का? शाल-श्रीफळ देऊन होणारी करिअर मार्गदर्शनाची व्याख्यानं नकोत, ती दरवर्षी होतातच. रोज येणाऱ्या माणसाला रोज उपयोगी पडेल असं काही हवंय.

---

नवीपेठकर

उमेदीची वर्षं पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठ करत काढली, त्यामुळे वरच्या मजल्याबद्दल बोलतो. खाली कुणी बसतं हे आम्हाला कधी दिसलंच नाही.

खासगी अभ्यासिकेत महिन्याला हजार-बाराशे, वर कॉट बेसिसची खोली आणि मेस. गावाकडून येणाऱ्या पैशांचा हिशेब लावला की सार्वजनिक वाचनालयातली खुर्ची म्हणजे लॉटरी. खुर्ची, पंखा, पाणी, स्वच्छ बाथरूम, रात्री उशिरापर्यंत उघडं दार. याचं मोल बाहेरच्याला कळत नाही.

पण खुर्चीने नोकरी मिळत नाही. २०२३ ची तलाठी भरती आठवा. साडेचार हजारांच्या आसपास जागा, अर्ज दहा लाखांवर आणि फी खुल्या वर्गाला १००० रुपये, राखीवला ९००. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३, म्हणजे माणूस पंधरा-पंधरा वर्षं रांगेत उभा राहू शकतो आणि राहतो. त्या सगळ्या काळात अभ्यासिकेत मला एकानेही विचारलं नाही की बाबा, दुसरं काय बघतोयस? दुसरं काही बघणारा पळपुटा समजला जायचा. कुणी आयटीआयचा किंवा बँकिंगचा फॉर्म भरला तर तो लपवून भरायचा.

तुमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलांनाही खालच्या मजल्याची गरज आहे, एवढंच सांगायचंय.

---

शिक्का_आणि_नोंदवही

मी ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे शासनाच्या सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. कल्पना छान आहेत सगळ्यांच्या. आता जरा गणित.

‘ड’ वर्गाला वर्षाचं अनुदान पूर्वी ३०,००० होतं. मग ६० टक्के वाढ होऊन ४८,००० झालं. ते दोन हप्त्यांत येतं. त्यातला निम्मा भाग पगाराचा. भागाकार करा, महिन्याला दोन हजार होतात. या दोन हजारांत मी कुलूप उघडते, झाडते, पुस्तकं देते, नोंदवही लिहिते आणि तपासणीला अधिकारी आले की चहा ठेवते. आता यात समुपदेशकही व्हायचं का?

आपला ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात ग्रंथालयासाठी वेगळा उपकर नाही. तमिळनाडू, कर्नाटक, केरळमध्ये मालमत्ता कराबरोबर ग्रंथालयाचा पैसा गोळा होतो. आपल्याकडे सगळं अनुदानावर, आणि अनुदान सरकारच्या मर्जीवर.

राग मानू नका. पण ‘वाचनालयाने हे करावं’ असं म्हणणारा माणूस ग्रंथपालाचा पगार किती हे आधी कधीच विचारत नाही.

---

मुक्काम_पोस्ट

@शिक्का_आणि_नोंदवही, ताई, रास्त बोललात. आमच्या बाईंचा पगार यापेक्षा बरा आहे, पण सांगण्यासारखा नाही. हे काम त्यांच्या डोक्यावर घालायचं नाही, हे मीटिंगमध्येही सांगितलं होतं. मग कुणी करायचं, याचंच उत्तर शोधतोय.

---

हिमवर्षाव_वैताग

टोरांटोहून लिहितो. इथे आलो तेव्हा पहिली नोकरी लागेपर्यंत माझं ऑफिस म्हणजे घराजवळची लायब्ररी. टोरांटो पब्लिक लायब्ररीच्या शंभर शाखा आहेत, कार्ड रहिवाशांना फुकट, आणि कार्डावर लिंक्डइन लर्निंगसारखे पैसे मोजून घ्यावे लागणारे कोर्सही घरबसल्या मिळतात. पण ते सोडा. मुद्दा वेगळा आहे.

आमच्या शाखेत ठरलेल्या वारी एक बाई टेबल टाकून बसायच्या. नव्याने आलेल्यांना मदत करणाऱ्या, सेटलमेंट वर्कर म्हणतात त्यांना. मला वाटायचं लायब्ररीच्याच आहेत. नंतर कळलं, त्या एका सेवाभावी संस्थेच्या नोकर, पगाराचा पैसा केंद्र सरकारचा. लायब्ररी फक्त टेबल, खुर्ची आणि वेळापत्रकात एक ओळ देते. आणि लोक तिथे येतात, कारण सरकारी ऑफिसात जायला माणूस बिचकतो, लायब्ररीत जायला नाही.

त्यांनी माझा रेझ्युमे समोर ठेवून पेन्सिलने काय काय खोडलं सांगू? फोटो. जन्मतारीख. वडिलांचं नाव. वैवाहिक स्थिती. छंद: वाचन आणि क्रिकेट. चार पानांचे दीड झाले. मग म्हणाल्या, “तू ‘जबाबदार होतो’ असं सात वेळा लिहिलंयस. केलंस काय ते लिही.” पुण्यात बारा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित इथेच आहे. माणूस दुसऱ्या खात्याचा, जागा वाचनालयाची.

---

तिरकस_वाचक

चला, मीच वाईटपणा घेतो. त्या ज्येष्ठ सदस्यांच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं.

आमच्या गावच्या वाचनालयात आधी मासिकांचं दालन होतं. ते अभ्यासिकेला गेलं. मग बालविभाग होता, तो कोपऱ्यातल्या दोन कपाटांत आला, कारण ‘पोरांचा आवाज होतो, अभ्यास करणाऱ्यांना त्रास होतो’. आता नवीन खरेदीत प्रश्नसंच आणि चालू घडामोडी जास्त, कादंबऱ्या कमी. पुढच्या वर्षी ते प्रश्नसंच रद्दी. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला बसून वाचायला त्या इमारतीत जागा नाही.

गरजू माणसाला मदत करावी, कोण नाही म्हणतंय? पण दर वेळी नवी गरज आली की वाचणाऱ्याची खुर्ची उचलायची, हे कुठवर?

---

मुक्काम_पोस्ट

@तिरकस_वाचक, हा मुद्दा मनाला लागला. आमच्याकडेही बालविभाग जिन्याखाली आहे.

---

फॉर्म_भरून_मिळतील

मी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. वाचनालयाने फुकट सुरू केलं तर माझा धंदा थोडा बसेल, पण खरं सांगतो, कारण रोज बघतो.

लोक नापास होण्याआधी फॉर्ममध्येच बाद होतात. सगळ्यात जास्त घोळ तीन.

एक, मोबाइल नंबर. पोराकडे चालू सिम नसतं, रिचार्ज संपलेला असतो. मग दुकानदार स्वतःचा नंबर टाकतो, मेल आयडीही स्वतःच काढून देतो. ओटीपी पटकन येतो, फॉर्म भरला जातो, पोरगं खूष. तीन महिन्यांनी हॉल तिकिटाचा मेसेज येतो तो दुकानदाराच्या फोनवर, जाहिरातींच्या ढिगात. पासवर्ड कुणालाच आठवत नाही. एमपीएससीची प्रोफाइल एकदाच बनते आणि वर्षानुवर्षं चालते, ती दुसऱ्याच्या नंबरवर असली की कल्याण.

दोन, नॉन-क्रिमीलेअर. दाखला असतो, पण मुदत संपलेली, किंवा अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर काढलेला. फॉर्म तेव्हा स्वीकारला जातो. कागद तपासणीला पितळ उघडं पडतं. मेरिटला नाव आलेली पोरं यात गेलेली बघितलीत. जात वैधतेचंही तेच, जाहिरात आल्यावर धावपळ सुरू करतात.

तीन, फोटो आणि सही. केबीत बसत नाही म्हणून इतकं दाबतात की चेहरा ओळखू येत नाही. सही मोबाइलने तिरका फोटो काढून, मागे चादरीची फुलं.

यात मोठं ज्ञान लागत नाही. फॉर्म भरायच्या आधी पाच मिनिटं कागद बघणारा शहाणा माणूस लागतो. दुकानात ती पाच मिनिटं मिळत नाहीत, मागे लाइन असते.

---

दुपारची_वेळ

अकरा वर्षांनी नोकरी शोधली आहे, म्हणून लिहिते.

मुलं मोठी झाली, घरात पैशांची गरज होती. वाचनालयाच्या अभ्यासिकेत गेले तर सगळी वीस-बावीसची. मला बघून एक मुलगा उठून उभा राहिला, त्याला वाटलं कुणाची तरी आई आली डबा घेऊन. परत गेले नाही.

मला हवं होतं ते अगदी थोडं. दुपारी दोन ते चार एक कॉम्प्युटर आणि शेजारी न हसणारं कुणीतरी. लिपिकाच्या जागांना मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टायपिंगचं प्रमाणपत्र मागतात. क्लासची फी भरली, पण सराव कुठे करणार? घरी मोबाइल. वाचनालयातला संगणक ग्रंथपालांच्या टेबलावर, त्यावर पुस्तकांची नोंद चालते. शेवटी भाच्याचा जुना कीबोर्ड आणून मोबाइलला जोडला आणि अक्षरांचे स्टिकर चिकटवून बसले. प्रमाणपत्र मिळालं. नोकरी सरकारी नाही, एका पतसंस्थेत लागले, पण लागले.

बायकांसाठी वेळ ठरवताना संध्याकाळ ठेवू नका. आणि पाटीवर ‘युवकांसाठी’ लिहू नका.

---

आयटीआय_निदेशक

धागाकर्त्यांनी एमआयडीसी म्हटलं म्हणून थांबलो.

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. या जागांची नोंद केंद्राच्या अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर असते. अनेक कंपन्यांना मुलं मिळत नाहीत आणि अनेक मुलांना हे पोर्टल माहीतच नाही. वर बसलेल्या अभ्यासिकेतल्या आयटीआय झालेल्या मुलांना विचारून बघा, किती जणांनी तिथे नोंदणी केलीय.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही २०२४ पासून आहे, बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८, पदवीधराला १० हजार विद्यावेतन. पण तिला वयाची अट ३५. तुमच्या खालच्या मजल्यावरची चाळिशीतली माणसं तिथे बसत नाहीत, आणि हाच खरा पेच आहे. पस्तिशीच्या पुढच्या बेकाराकडे योजना बघतच नाही. त्याच्याकडे असतो फक्त अनुभव, आणि तो कागदावर मांडायची कुणी मदत करत नाही. पंधरा वर्षं सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) चालवलेला माणूस अर्जात ‘ऑपरेटर’ एवढा एक शब्द लिहितो. कुठलं मशीन, कुठला कंट्रोलर, काय टॉलरन्स, सेटिंग स्वतः करायचा का, काही नाही. हे सगळं लिहिलं तर शेजारच्या एमआयडीसीत त्याला मागणी आहे.

टोरांटोकरांचं पटलं. प्रत्येक जिल्ह्यात कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, म्हणजे जुनं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज. ते जिल्ह्याच्या गावी असतं. तालुक्यातला माणूस एसटीचं तिकीट काढून तिथे जात नाही, गेला तर ‘महास्वयं पोर्टलवर नोंदणी करा’ ऐकून परत येतो. त्या कार्यालयाला संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्या, महिन्यातून एक दिवस माणूस पाठवा म्हणून. तालुक्यात जागा नाही ही अडचण तुम्ही सोडवताय. आमच्या संस्थेतूनही कुणीतरी येईल, मी स्वतः येईन.

---

हडसनकाठ

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या रिव्हरसाइड शाखेने २०१८ मध्ये मुलाखतीसाठी टाय, हँडबॅग आणि ब्रीफकेस पुस्तकासारखे तीन आठवड्यांसाठी द्यायला सुरुवात केली होती. अवांतर वाटेल, पण मुलाखतीला काय घालून जायचं हा प्रश्न खराच असतो.

---

तिरकस_वाचक

आमच्याकडे पोलीस भरतीला धावायचे बूट द्या. उशिरा परत केले तर रोज एक रुपया दंड.

(हे विनोदाने लिहिलं आणि मग वाटलं, वाईट कल्पना नाही.)

---

नवीपेठकर

@तिरकस_वाचक, मैदानीच्या दिवशी मित्राचे बूट घालून धावलेला मी एकटा नसेन.

---

त्रिशूरचा_पाहुणा

बँकेच्या बदलीमुळे केरळात आहे. इथे गावोगावी ग्रंथशाळा. १९८९ च्या कायद्याने स्थानिक संस्था मालमत्ता करावर ५ टक्के ग्रंथालय उपकर घेतात. आमच्या गल्लीतल्या ग्रंथशाळेत रविवारी राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची शिकवणी चालते, आणि शिकवतात ते आधी त्याच बाकांवर बसून लागलेले लोक. एक तालुका कचेरीत आहे, एक वीज मंडळात. पैसे घेत नाहीत. ही प्रथा आपल्याकडे का नाही? आपल्याकडे लागलेला माणूस सत्काराला येतो, गुलाल उडतो, भाषण करतो आणि जातो. त्याला महिन्यातला एक रविवार मागा ना.

---

शिक्का_आणि_नोंदवही

हे जमण्यासारखं आहे. सत्काराचं पत्र देतानाच रविवारची तारीख घ्यायची.

आणि एक काम मात्र ग्रंथपालाने करावं असं मलाच वाटतं. सूचना फलक. आमच्या फलकावर दोन वर्षांपूर्वीची भरतीची जाहिरात होती, पिवळी पडलेली, आणि तिच्यावर एका ‘घरबसल्या पॅकिंग’वाल्याचा कागद. तो मी फाडला. नोंदणी फी आधी भरा म्हणणारी कुठलीही नोकरी फलकावर लागणार नाही, असं लिहूनच टाकलंय. प्रत्येक जाहिरातीच्या कोपऱ्यात लाल पेनने शेवटची तारीख आणि मूळ संकेतस्थळाचं नाव. तारीख गेली की कागद खाली. आठवड्याला अर्धा तास जातो, तेवढा मी देऊ शकते.

---

बिट_आणि_बाइट

संगणक ठेवणार असाल तर एक गोष्ट पहिल्या दिवशीच ठरवा. सार्वजनिक संगणकाचं ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडून बघितलंय कधी? लोकांचे आधार, दहावीची मार्कलिस्ट, जातीचा दाखला, बँक पासबुकचं पहिलं पान, सगळं ओळीने पडलेलं असतं. मेल लॉगिन तसंच उघडं. माणूस उठला की सत्र पुसलं जाईल अशी सेटिंग करता येते, गेस्ट खातं ठेवा. प्रिंटरच्या शेजारच्या फुकट गेलेल्या प्रती रद्दीत टाकू नका, फाडा. आणि पासवर्ड उमेदवाराने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वहीत लिहावा. मदतनीसाने टाइप करायचा नाही, कितीही उशीर झाला तरी.

---

मुक्काम_पोस्ट

सगळ्यांचे आभार. काल मीटिंग झाली, वृत्तांत देतो.

धाग्यातले निवडक प्रतिसाद प्रिंट काढून नेले होते. ज्येष्ठ सदस्यांनी @तिरकस_वाचक यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचला आणि म्हणाले, “हा माणूस आपल्यातला आहे.” त्यामुळे पहिला ठराव झाला तो बालविभाग जिन्याखालून बाहेर काढण्याचा! पदाधिकाऱ्यांची खोली वर्षातून चार वेळा उघडते, ती मुलांना दिली. अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा होता.

मग आमचा विषय. पेपरच्या टेबलाशेजारी एक टेबल, एक संगणक, दुरुस्त केलेला स्कॅनर. दुपारी दोन ते चार. निवृत्त बँक कर्मचारी दोन आणि हायस्कूलच्या एक निवृत्त बाई आळीपाळीने बसतील. फॉर्म ते भरणार नाहीत, उमेदवार भरेल, ते शेजारी बसून कागद बघतील. जिल्हा केंद्राला आणि आयटीआयला पत्रं गेली. @आयटीआय_निदेशक, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय. सूचना फलक ताईंच्या लाल पेनाप्रमाणे.

विरोध एकाच गोष्टीला झाला, पाटीवर काय लिहायचं. ‘रोजगार मार्गदर्शन कक्ष’ हे ज्येष्ठांना सरकारी वाटलं, ‘करिअर कॉर्नर’ मला नको होतं. @दुपारची_वेळ यांचं ऐकून ‘युवक’ गाळलंय. तूर्त नुसतं ‘अर्ज आणि चौकशी, दुपारी २ ते ४’.

त्या फूलस्केपवाल्या गृहस्थांचा मेल आयडी काढून झाला. त्यांच्याच नंबरवर. त्यांच्या सीएनसीच्या कामाचं सगळं तपशीलवार लिहायला बसवलं तर पाऊण पान भरलं, आणि मध्येच म्हणाले, “हे लिहायचं असतं होय?” नोकरीचं अजून काही नाही.

---

फॉर्म_भरून_मिळतील

अभिनंदन साहेब. प्रिंटला किती घेणार?

---

मुक्काम_पोस्ट

दोन रुपये पान. तुमचा दर काय आहे?

---

फॉर्म_भरून_मिळतील

पाच. तुमचा टोनर संपला की सांगा, होलसेलवाल्याचा नंबर देतो. आणि स्कॅनरवर सही घेताना निळी शाई वापरू देऊ नका, बऱ्याच ठिकाणी काळीच मागतात.